सेफ्टी मुळातच नव्हती

"तुजे बापानी आमचे बंदुकीची सेफ्टी चोरली!"

बाळकुम गावचे काका, बाबांचं जुनं गिऱ्हाईक, आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये उभे राहून ओरडत होते. सकाळची वेळ, डब्यांच्या पोळ्या चाललेल्या, माझ्या हाताला कणीक. मजल्यावरचे सगळे दरवाजे उघडले. बाबांना जाऊन जेमतेम वर्ष झालेलं.

बाबा बंदुका दुरुस्त करायचे. जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात, मागच्या खोलीत. काकांच्या वडिलांची जुनी दुनळी बंदूक दरवर्षी तेलपाण्याला त्यांच्याकडेच यायची. आता ती रीतसर आपल्या नावावर झाल्यावर काकांनी कल्याणच्या एका बंदुकांच्या दुकानदाराला दाखवली. तो म्हणाला, हिची सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारी कळ, कारागिराने काढून विकली, बंदूक धोक्याची झालीय, मोडीत द्या.

चोर? माझे बाबा? कुणाचा एक स्क्रू उरला तरी कागदाच्या पुडीत बांधून परत देणारा माणूस! माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, "काका, बंदूक घ्या आणि चला कल्याणला. आत्ताच्या आत्ता." डबे उशिरा गेले त्या दिवशी. गेले तर गेले.

दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ताई, तुम्ही काय करता?"

"डबे करते. बंदूक रिकामी आहे का ते बघा आणि ठेवा काउंटरवर."

लहानपणी मी बाबांच्या शेजारी बशीत स्क्रू सांभाळत बसायचे. ही बंदूक आली की बाबा खूश. म्हणायचे, ही रानात हिंडायची नाहीच. पूर्वी पेटीतून जिवंत कबुतरं उडवून नेमबाजीच्या शर्यती लावत, त्यासाठी बनवलेली ही. मला त्या पाखरांचं वाईट वाटायचं, ते मी बोलायचे, आणि बाबा म्हणायचे, मलाही वाटतं, पण काम बघ कसलं केलंय.

तेच काम मी दुकानदाराला दाखवलं. "उचलून बघा. शिकारीच्या बंदुकीपेक्षा जड आहे, धक्का कमी बसावा म्हणून. नळ्यांवरची पट्टी रुंद नि सपाट, नजर सरळ जावी म्हणून. दोन्ही नळ्या तोंडाशी आवळलेल्या, छर्रे लांबपर्यंत एकत्र जावेत म्हणून. खांद्याला अडकवायच्या पट्ट्याची कडी कुठे दिसते? नाही. शर्यतीत काय ही घेऊन डोंगर चढायचाय?"

"ते सगळं ठीक आहे हो, पण सेफ्टी?"

"तीही नाही. आपली पाळी आली की मगच काडतूस भरायचं, आणि पाखरू सुटलं की लगेच चाप ओढायचा. त्या घाईत सेफ्टी सरकवायची राहिली तर पाखरू गेलं. म्हणून कित्येक जण ती ठेवतच नसत."

"असं तुमचे बाबा सांगायचे," तो हसला.

मग मात्र मी त्याची भिंगाची काच उचलून त्याच्याच हातात दिली. चापाच्या वर, लाकडी दस्त्यात घुसणारी लोखंडाची निमुळती पट्टी असते. सेफ्टी असली तर तिथेच, आणि तिच्यासाठी खाच पाडावीच लागते. "शोधा खाच. बुजवलेली असेल तर जोड शोधा. पट्टीवर कोरलेली ही वेल बघा, पानापानाने सरळ खालपर्यंत गेलीय. मध्ये कुठे तुटलीय का? माझ्या बाबांनी सेफ्टी काढली तर काढली कुठून?"

तो बराच वेळ बघत राहिला. बोटही फिरवलं. "असेल बुवा तसं," म्हणाला.

"असेल नाही, आहे. लिहून द्या."

त्याने दुकानाच्या कागदावर लिहिलं: सेफ्टी मुळातच नाही. खाली सही केली.

बाहेर रस्त्यावर काकांचा चेहरा उतरलेला. हळूच म्हणाले, "माजी चूक झाली, ताय."

"इथे कशाला सांगता? इथे माझ्या बाबांना कोण ओळखतं? बोललात तिथे या."

आले, दुसऱ्या दिवशी सकाळी. हातात तो कागद. मीच एकेक बेल वाजवून सगळ्यांना बाहेर बोलावलं. काकांनी खाली मान घालून, तोंडातल्या तोंडात म्हटलं, "हिचे बापानी कायपण चोरला नाय."

मी म्हटलं, "मोठ्याने बोला काका. कोपऱ्यातल्या आजींना कमी ऐकू येतं."