आखाजीचं पान

आमचं लग्न अक्षय्य तृतीयेचं. यंदा पंचवीस वर्षं झाली म्हणून काहीतरी वेगळं करू असं मी मेधाला म्हणालो, आणि ती "त्यापेक्षा घरी पुरणपोळ्या करते" असं म्हणायच्या आत टेबल राखूनही टाकलं. तेही थेट अकोटला. तिथल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये एक मुलगी जेवणाचे प्रयोग करते, दिवसाला एकच टेबल लावते आणि पानात काय येणार ते आधी सांगत नाही, असं ऐकलं होतं. नाशिकहून रात्रीच्या गाडीत बसताना मेधा म्हणाली, "एवढ्या उन्हात वऱ्हाडात जेवायला जाणारे आपणच."

जेवायचा मला शौक आहे आणि जेवून उठल्यावर स्तुती करायचा त्याहून जास्त. माझं एक ठरलेलं वाक्य आहे: "पोट भरलं, पण मन नाही भरलं." या वाक्यावर मी कितीतरी घरांतून दुसऱ्यांदा बोलावणं मिळवलं आहे. मेधाला ते ऐकून ऐकून वीट आला आहे.

अकोल्याला सकाळी उतरलो आणि अकोटची एसटी धरली. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी जमीन होती, भेगाळलेली, दूरवर सातपुड्याची निळी रेघ. शेजारच्या सीटवर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा होते. त्यांनी माझ्या इस्त्रीच्या कुडत्याकडे पाहिलं.

"कुठं चालले?"

"अकोटला. जेवायला."

"कोनाचे पित्तर हा तुमी?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलो. ते हसले नाहीत. "आज आखाजी हाये," ते म्हणाले. "आजच्या दिवशी पाहुना जेवाले आला म्हंजे तो पित्तरच असते." मग खिडकीकडे तोंड करून बसले ते अकोट येईपर्यंत.

आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं, गाडी, लग्न. वऱ्हाडात ती आखाजी, गेलेल्या माणसांचा दिवस, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मेधा म्हणाली, "छान मुहूर्त काढलात."

अकोटला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रस्त्यावर माणूस नाही, दुकानांची शटरं खाली. उघड्या दारांतून आत मातीच्या घागरी भरून ठेवलेल्या दिसत, वर एकेक आंबा. घराघरातून तळणाचा वास येत होता, पण बोलण्याचा आवाज कुठून येत नव्हता. सगळं गाव कोणाची तरी वाट बघत गप्प बसल्यासारखं वाटलं. मला उगीचच घाई झाली.

जिनिंगच्या फाटकात कांचन उभी होती. तीच ती प्रयोग करणारी. तिशीची, मोठ्या शहरांतल्या हॉटेलांमध्ये शिकून आजोबांच्या जिनिंगमध्ये परतलेली. अंगात पांढरा कोट, पायांत रबरी चपला. तिने आम्हाला आत नेण्याआधी कडुनिंबाखाली बसवलं.

"काका, फोनवर मी विचारलं होतं, पितराचं पान चालेल ना. तुम्ही हो म्हणाले होते."

मला ते एखाद्या पदार्थाचं नाव वाटलं होतं. तसं सांगितल्यावर मेधाने कपाळाला हात लावला.

कांचनने समजावून सांगितलं. आखाजीला इकडे पितर जेवू घालतात. गेलेल्याच्या नावाने एका जिवंत माणसाला बोलवायचं, गेलेल्याच्या आवडीचं वाढायचं. तो जेवून तृप्त झाला की गेलेला तृप्त झाला. वर्षभर कांचन हवे ते प्रयोग करते, पण या दिवशी तिचं टेबल एखाद्या घराचं असतं. यंदा ते शेवंतामायचं होतं. शेवंतामायची भाजीची आणि फुलांची वाडी आहे. तिचा एकुलता एक मुलगा विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून गेला, त्याला हे तिसरं वर्ष. घरात आता ती आणि सून, रेखा.

"रेखासाठी अंजनगाव सुर्जीचं चांगलं स्थळ आलंय," कांचन म्हणाली. "तिलाही जायचंय. माय वाईट नाही, काका. फक्त म्हणते, त्याचं पोट भरलं असं पितराच्या तोंडून ऐकलं की पोरीले मी सोता पाठवीन. पण ते ऐकायलाच मिळत नाही. पहिल्या आखाजीला रेखाचा चुलत दीर बसला. माय विचाराले आली, तं त्याले ठसका लागला तो थांबलाच नाही. मागच्या वर्षी शेजारचे काका बसले. बोलायच्या वेळेले त्यांचं तोंडच उघडलं नाही. आता गावातलं कोणी बसत नाही. तुम्हाला नको असेल तर आत्ताच सांगा. मधून उठता येणार नाही."

मेधा माझा हात ओढत होती. पण ठसका लागणाऱ्या दिरापेक्षा आपण बरे, अशी माझी समजूत. "बसतो," मी म्हणालो.

"शेवटी माय विचारेल, पोट भरलं काय. तुम्ही 'भरलं' एवढंच म्हणायचं."

शेडची दारं उन्हासाठी बंद केलेली होती. आत भर दुपारी अंधार. छपराच्या एका फटीतून उन्हाची पट्टी बरोबर टेबलावर पडत होती आणि वर छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांना जुन्या कापसाचे पुंजके अजून लटकत होते. टेबलावर मेधाला चिनी मातीची ताटली होती आणि मला पळसाच्या पानांची पत्रावळ. पलीकडे ओल्या वाळ्याचा पडदा होता. त्याच्यामागे कोणीतरी बसलेलं आहे हे श्वासावरून कळत होतं. माझ्या डाव्या बाजूला, पाण्याचा तांब्या धरून, रेखा उभी होती. पंचविशीची असेल. तिने आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

आधी काचेच्या वाटीत चिंचोणी (चिंच-गुळाचं पाणी) आली, बर्फाच्या पातळ पापडीसारखी गोठवलेली, जिभेवर ठेवताच विरघळणारी. मग काचेच्या झाकणाखाली धूर कोंडलेली अंबाडीची भाजी. झाकण उचललं तसा सरकीच्या ढेपेचा वास आला आणि मग कच्च्या तेलाचा. अंबाडी मला मुळीच आवडत नाही. ती मी दोनदा मागून घेतली. मग गोळा कढी, त्यातले गोळे बोराएवढे. मग कुरडई आणि आमरस. आमरसावर मात्र कांचनने कसलाही प्रयोग केला नव्हता. माझ्याच चावण्याचा आवाज मला मोठा वाटायला लागला.

मेधाने माझ्या मनगटावर टिचकी मारली. "अहो, हात."

मी डाव्या हाताने जेवत होतो.

आयुष्यात मी डाव्या हाताने साधा घास उचललेला नाही, आईने उचलूच दिला नसता. आता तो हात कोपरापर्यंत सवयीचा असल्यासारखा चालला होता, आमरसाचा एक थेंब सांडला नव्हता. पडद्यामागे कोणीतरी हुंदका दाबला. तेव्हा मी पत्रावळीकडे नीट पाहिलं. मीठ आणि लिंबू उजव्या बाजूला वाढलेलं होतं. कांचन हलकेच म्हणाली, "तो डावखुरा होता. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं." मला भीती वाटली. ती लपवण्यात अर्थ नाही. उठून पळावं असं वाटलं, पण मधून उठायचं नव्हतं.

शेवंतामाय पडद्याबाहेर आली. लहानखुरी, हिरवं लुगडं, हातांना झेंडूचा वास. तिने माझ्याकडे न बघता पत्रावळीकडे बघून विचारलं, "पोट भरलं काय, बापू?"

आणि मी म्हणालो, "पोट भरलं, पण मन नाही भरलं."

म्हणजे तोंडातून तेच गेलं. इतक्या वर्षांची सवय. शब्द सुटले तसे मला कळले. रेखाच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी जमिनीवर सांडत राहिलं. कांचनने डोळे मिटून घेतले.

शेवंतामाय रागावली नाही. उलट तिचा चेहरा उजळला, आणि तेच जास्त भयंकर होतं. ती वाकली, पानाजवळ तोंड आणून म्हणाली, "काहून नाही भरलं, बापू? काय राह्यलं? सांग मले."

सगळे माझ्याकडे बघत होते. काय राहिलं ते मला काय माहीत? मी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं, तर रेखा तशीच उभी होती, ओठ सुकलेले. पितर जेवेपर्यंत घरात कोणी जेवत नसणार, हे तेव्हा डोक्यात आलं. आम्ही एवढं चापलं आणि ती सकाळपासून उपाशी आमच्या शेजारी उभी.

"ही जेवली नाही," मी म्हणालो. "माझ्याजवळ उभी राहून उपाशी आहे. हिला वाढा."

शेवंतामायने वळून सुनेकडे पाहिलं. मग म्हणाली, "बस, पोरी." रेखा हलली नाही तेव्हा तिने हाताला धरून तिला बसवलं, माझ्या डाव्या अंगाला, मध्ये एका माणसाची जागा सोडून. स्वतः पत्रावळ मांडली. भाजी वाढली, तेल ओतलं, आमरस वाढला. "खाय. त्यानं सांगतलं." आधी रेखाने एक छोटा घास घेतला. मग ती जेवायला लागली, रडत आणि भुरकत, आमरस मनगटापर्यंत ओघळू देत.

ती जेवत असताना शेवंतामायने मला विडा दिला. अंजनगावचं मोठं पान होतं, मी ते तसंच तोंडात कोंबलं. दोन्ही गाल भरले.

रेखाचं जेवण झालं. म्हातारी पुन्हा वाकली. "आता? भरलं काय आता?"

"भरलं."

आवाज पुरुषाचा होता, मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. माझ्या डाव्या बाजूने आला. कांचनने मोठा श्वास सोडला. मेधाने टेबलाखाली माझा हात दाबला. शेवंतामायने पत्रावळीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि सुनेला म्हणाली, "मंग आता तू जाय." रेखा मात्र माझ्याकडे बघत नव्हती. आमच्या दोघांच्या मधल्या जागेकडे बघत होती, आणि तिने मान हलवली, निरोप घेताना हलवतात तशी.

परतीच्या एसटीत मेधा म्हणाली, "सुधारलात शेवटी. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा वेळेवर योग्य शब्द बोललात." मी खिडकीबाहेर विड्याची पिंक टाकली आणि मग "हो" म्हणालो. गालात पान असताना मला साधा हुंकारही देता आला नसता, हे तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

पावसाळ्याच्या आधी कांचनचा फोन आला. रेखाचं लग्न झालं, पाठवणीला शेवंतामाय स्वतः अंजनगावपर्यंत गेली. नाशिकचे मित्र विचारतात, जेवण कसं होतं. मी गोठवलेल्या चिंचोणीचं आणि धुरातल्या अंबाडीचं वर्णन करतो, ते मला चांगलं जमतं. पण जुनं वाक्य मी सोडून दिलं आहे. रात्री ताट बाजूला सारताना मेधा विचारते, "भरलं का?" तेव्हा मी आधी तोंडातला घास गिळतो. मग क्षणभर थांबतो, डावीकडून कोणी उत्तर देतंय का ते ऐकतो, आणि मगच माझं उत्तर देतो.