पाठ टेकताना

डॉक्टरांचा कागद मीच आईला वाचून दाखवला. घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळं कुठलाही कागद माझ्याकडंच येतो. मणक्याला मार, तीन आठवडे उताणं पडून राहायचं, कुशीवर वळायचं नाही. पुन्हा मातीत उतरता येईल का, ते मात्र कागदात कुठंच नाही.

बारा वर्षं तालमीत एकच शिकलो, पाठ जमिनीला लागू द्यायची नाही. लागली की कुस्ती गेली. आता दिवसभर पाठ टेकून छताकडं बघत असतो.

काल दारात वस्तादांचा आवाज आला आणि मी चटकन कुशीवर वळलो. कळ थेट मस्तकात गेली. ज्यांनी घडवलं, त्यांनी मला चीत पडलेलं बघू नये, एवढंच डोक्यात होतं.

"कुणाला दाखवतोयस रे?" वस्ताद म्हणाले. "इथं कोण पंच बसलाय?"

दोन्ही खांदे धरून त्यांनी मला हळूच पाठीवर टेकवलं. अंग काही सैल पडेना. आमच्या घरात तापातही कुणी अंथरूण धरलेलं मी पाहिलं नव्हतं. पडून राहणं शिकणार कुणाकडून?

"वस्ताद, परत कुस्ती होईल ना?"

वस्तादांनी खांद्यांवरचे हात काढले नाहीत.