मोडलेल्या छडीचे दाणे

१९४८ साल. मी तेवीस वर्षांचा. शिक्षण चौथी. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. हसायचं त्यानं खुशाल हसावं, पण झालं ते असं...

हैदराबादेत नामपल्ली स्टेशनामागं करीमचाचांचा ओतकामाचा छोटा कारखाना होता. चाचा मालकही आणि माझे उस्तादही. तांबं-कथील वितळवून आम्ही पंपाचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळकांडी, ओतायचो. प्रत्येक ओतीतली एक बारीक छड वेगळी काढायची, गार झाली की मोडायची आणि आतले दाणे बघायचे. रव्यासारखे बारीक असले तर माल पक्का. खडीसाखरेसारखे जाड असले तर ठिसूळ.

पोलीस ॲक्शन नुकतीच झालेली. चाचांचे भाऊ कराचीला गेले होते, यांनाही बोलावत होते. चाचांचा पाय निघेना. शेवटी म्हणाले, "आज की छड के दाने बारीक निकले तो रहतूं. नै तो कल सबेरे की गाडी."

छड मोडली. दाणे जाड — मी स्वतः पाहिले. चाचांनी एक तुकडा कुडत्याच्या खिशात टाकला, दुसरा माझ्या हातावर ठेवला. "रख ले रंगा, याद रहती."

"उस्ताद, परत ओतू की."

"चौथी पढा सो पोट्टा मेरेकू सिखारा?"

मी रागानं चालतच नल्लकुंट्याला घरी आलो. अजून ऊन होतं. अंगणात बसून तुकडा काढला... दाणे बारीक. आईपुढं धरला, "हे जाड की बारीक?"

"बारीक की रे. डोळे फुटले का तुझे?"

तसाच उलटा चाचांच्या घरी गेलो. ते वळकटी बांधत होते. तुकडा बघून म्हणाले, "बदल के लाया क्या?"

मला असलं बोलणं खपत नाही. म्हटलं, "तुमचा काढा."

त्यांनी खिशातून काढला. तोही बारीक. दोन्ही तुकडे जोडून पाहिले — कडेला कड बसली. छड तीच.

"ठंडी धात कैसा बदलती रे?" म्हणत चाचा वळकटीवरच बसले.

पुढं कितीतरी इंजिनिअरांना विचारलं. भट्टीत तापवल्याशिवाय दाणे बदलत नाहीत म्हणतात. मलाही तेवढं कळतं. उजेडाचा फरक असेल, असंही एकजण म्हणाला... असेल त्याच्याकडं. मला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची शिट्टी झाली, तेव्हा मी भट्टीत कोळसा घालत होतो. मागून चाचा करवादले, "बस रे, कित्ता डालता?"

मी मुद्दाम आणखी एक फावडं टाकलं.