साताऱ्याचं पाणी आणि माझा घेवडा

लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा मला दोनच गोष्टींचा गर्व होता: माझ्या वेणीचा आणि आमच्या साताऱ्याकडच्या घेवड्याचा. पहिल्याच आठवड्यात घेवड्याच्या सुक्या दाण्यांची आमटी केली. कामं एकदम उरकायची हौस, म्हणून चिंच, गूळ, मसाला सगळं सुरुवातीलाच कुकरात ढकललं. जेवताना सासऱ्यांच्या तोंडून कुडुम-कुडुम आवाज यायला लागला. मी शहाणी लगेच म्हणाले, "तुमचं बोअरचं पाणीच वाईट!"

तेव्हापासून मी अधूनमधून माहेरी जायला लागले, पाणी आणायला. येताना एसटीत मांडीवर भरलेला कॅन. त्या पाण्यातही माझा घेवडा कडकच राहायचा. मी म्हणायचे, प्रवासात पाणी हिंदकळतं, त्याचा गुण जातो. आणि आमचे हे गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायचे. भाऊ-भावजयीकडची ती फेरी आजतागायत चालू होती.

परवा नात विश्रामबागेतल्या कॉलेजातून आली आणि म्हणाली, "आज्जी, दोष तुझ्या चिंचेचा आहे. आंबट आधी पडलं की दाणा मऊच होत नाही. बोअरच्या पाण्यातला चुनाही आडमुठाच, पण भिजवताना मीठ घातलं की त्याचा जोर कमी होतो."

तिनं रात्री मिठाच्या पाण्यात घेवडा भिजवला. सकाळी कुकरात तीन डबे लावले. एकात साताऱ्याचं पाणी आणि चिंच, दुसऱ्यात बोअरचं पाणी आणि चिंच, तिसऱ्यात नुसतं बोअरचं पाणी. आमचे हे पेपर टाकून ओट्याशी येऊन उभे राहिले. त्या कुकरात माझं माहेर शिजत होतं.

झाकण उघडलं. चिंचेचे दोन्ही डबे टणक. बोअरच्या पाण्यातला घेवडा लोण्यासारखा.

"टाक तो कॅन माळ्यावर," हे म्हणाले. "साताऱ्याचं हेलपाटं संपलं."

मी नातीकडे वळले. "काय गं, जुना घेवडा शिजतो का नीट?"

"छे! फार दिवस साठवला की आतून घट्ट होतो. मग काही करा."

"ऐकलंत का? आवं, ताजा घेवडा कोण आणणार मग?"

हे पोट धरून हसले. "तवा बी जा म्हणलो, आता बी जा. पाणी हिंदकळून बिघडतं व्हय गं कवा?"

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! मी दोन मोठ्या पिशव्या झटकून दाराशी अडकवल्या. सोमवारी निघते आहे.