दहा बोटं

लोकांचे नवरे रविवारी मटण आणतात. आमचे हे रेडिएटर आणायचे.

बदलापूरला नवीन बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा चौथ्या मजल्यावर फक्त आमचंच दार उघडं असायचं. बाकीच्या फ्लॅटांना बाहेरून कुलपं. हे अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. सकाळी डबा घेऊन जायचे ते अंधार पडताना यायचे. मूल आम्हाला झालं नाही. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेलं, मग मीच म्हटलं, पुरे आता. दिवसभर घरात मी आणि भारनियमन. हे आले की बोलायला तोंड उघडावं तर माझा आवाज मलाच घोगरा वाटायचा. सकाळपासून वापरलेलाच नसायचा ना.

आणि ह्यांना काय सुचावं, तर विमान!

थट्टा नाही करत. खरोखरचं, माणूस बसेल असं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, वर ताणलेलं कापड, एकच सीट. नकाशे परदेशातून पोस्टाने मागवलेले. सोनिवलीत एका शेतकऱ्याची भात ठेवायची शेड रिकामी पडली होती, ती भाड्याने घेतली. विमानाचं असली इंजिन आमच्या बापजन्मी परवडणारं नव्हतं. म्हणून ह्यांनी उल्हासनगरच्या एका सिंधी शेठच्या दुकानातून जुन्या मोटारीचं इंजिन उचललं. तीन सिलिंडरची छोटी गाडी, तेव्हा दर बिल्डिंगखाली एक तरी उभी असायची, तिचं.

"अहो, भाजी आणायच्या गाडीचं इंजिन आभाळात जाईल का?" मी विचारलं.

"इंजिनाला कुठे कळतं आपल्याला कशात बसवलंय ते," हे म्हणाले.

स्वतः हे जन्मात एकदाच विमानात बसलेले, तेही कंपनीच्या कामाने, आणि तेव्हासुद्धा खिडकीची सीट मिळाली नव्हती. म्हणे शेताच्या बांधाबांधाने, दोन पुरुष उंचीवर, एवढंच उडणार. परवानगीचं विचारलं की म्हणायचे, आधी इंजिन तर चालू दे.

इंजिनाची गोष्ट अशी होती. गाडीत ते कधी पूर्ण ताकद लावतच नाही. खड्डे, सिग्नल, पुढे रिक्षा. दोन मिनिटं पळालं की पुन्हा ब्रेक. विमानात मात्र त्याला सगळी ताकद लावून राबावं लागतं. मग ते तापतं, तापलं की जाम होतं, आणि वर जाम झालं तर बाजूला घेऊन उभं करायला रस्ता नसतो. म्हणून ह्यांनी स्वतःच नियम केला. जमिनीवर दोरखंडाने बांधून, पूर्ण ताकदीवर, सलग एक तास इंजिन चालवायचं. इंजिन थंड ठेवणारं पाणी नव्वद अंशांच्या खाली राहिलं तर उडायचं. नाही राहिलं तर नाही.

"तुझी शपथ," हे म्हणाले.

ह्यांनी दिलेला शब्द कधी मोडल्याचं मला आठवत नाही. सगळी पंचाईत तिथेच झाली.

इंजिन बसवलेलं सीटच्या मागे, पंखा त्याच्याही मागे. पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या मीटरची नळी आखूड, म्हणून मीटर इंजिनापाशीच लावलेला. सीटवरून तो दिसायचा नाही. तेव्हा मी पंख्याच्या पुढे एका बाजूला उभं राहायचं, मीटर बघायचा आणि बोटांनी सांगायचं. आवाज असा की कानात बोळे घालूनही डोकं भणभणायचं. आठ बोटं म्हणजे ऐंशी. नऊ म्हणजे नव्वद. दोन्ही पंजे उघडे, दहा बोटं, म्हणजे शंभर, बंद करा. पहिल्यांदा इंजिन चालू झालं त्या दिवशी, आमच्यात नारळ फोडायची पद्धत नाही म्हणून, मी खीर करून नेली. शेतकऱ्याच्या घरच्यांनाही दिली. त्यांची म्हातारी म्हणाली, "बाय, तुजा घोव उडाला त परत येल ना?"

म्हातारी हसत होती. मी नाही हसले.

चौथ्या का पाचव्या रविवारी तो तास आला. वीस मिनिटं झाली, काटा ब्याऐंशीवर. तीस झाली, ब्याऐंशी. चाळीस. ह्यांनी सीटवरून माझ्याकडे बघितलं, मी आठ बोटं दाखवली. ह्यांचा चेहरा असा फुलला की लग्नातसुद्धा इतका फुलला नव्हता. पन्नास मिनिटं झाली. अजून दहा मिनिटं, मग हा माणूस कापड लावलेल्या नळ्यांत बसून वर जाणार. आणि मी? मी चौथ्या मजल्यावर, कुलपांच्या मधे.

ह्यांनी पुन्हा बघितलं. मी दोन्ही पंजे वर केले. दहा बोटं.

इंजिन बंद झालं. मला लाज नाही वाटली, खरंच सांगते. बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं.

हे उतरले, इंजिनाकडे गेले, पाण्याच्या जाड रबरी पाइपवर तळहात ठेवला. म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "चल, चहा दे."

तेव्हापासून ती आमची रीतच झाली. पुढच्या महिन्यात मोठा रेडिएटर आला, जीपचा. मी दहा बोटं. मग वारा आत खेचायला पत्र्याचं तोंड केलं. दहा बोटं. पाण्याचा पंप बदलला, पट्ट्याची चाकं बदलली, पंखा सुताराकडून नवा घडवून घेतला. दर वेळी काटा ऐंशीच्या आसपास शहाण्या मुलासारखा बसलेला, आणि दर वेळी पन्नास मिनिटं झाली की माझे हात वर. दर वेळी हे उतरायचे, पाइपवर हात ठेवायचे आणि चहा मागायचे. एकदासुद्धा चिडले नाहीत. मीच चिडायचे. "किती वर्षं हा खेळ चालवणार?" म्हणून भांडायचे. चोराच्या उलट्या बोंबा!

आणि आता लपवून काय उपयोग? ह्यांच्या जिवाची भीती होतीच. पण तेवढीच नव्हती. सहा दिवस मी भिंतींशी बोलायचे. सातव्या दिवशी एक माणूस दर पाच मिनिटांनी वळून माझ्याकडे बघायचा, माझ्या बोटांवर त्याचं सगळं अडलेलं असायचं. ते उडाले असते आणि सुखरूप उतरलेही असते, तर पुढच्या रविवारी बोटं दाखवायला कोण लागणार होतं?

पाच वर्षं अशी गेली.

मग एका मंगळवारी कारखान्यात, चहाच्या सुट्टीत, हातात ग्लास असताना हे खाली बसले ते उठलेच नाहीत. विमानातून पडून नाही. बाकावरून. जमिनीपासून दीड फुटावर. जे टाळायला मी पाच वर्षं खोटं बोलले ते मरण अंबरनाथलाच बसलं होतं, बाकाच्या उंचीवर. मी खूप रडले. पण त्या रडण्यात राग जास्त होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

उन्हाळ्यात शेतकऱ्याचा मुलगा आला. जागा बिल्डरला दिली होती, शेड पाडणार होते. "काकी, ते विमान तेवढं हलवा," म्हणाला. मी उल्हासनगरच्या त्याच शेठला फोन केला. तो टेम्पो, मिस्त्री आणि बॅटरी घेऊन आला. विमानाभोवती एक चक्कर मारली आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "साईं! भाईसाब ने तो सच्ची में बना डाला!"

मिस्त्रीने पाणी भरलं, पेट्रोल घातलं, चाकांचे दगड आणि दोरखंड तपासले आणि सीटवर बसून इंजिन चालू केलं. शेठ कान देऊन ऐकत होता. दहा-पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीवर चालवल्यावर त्याने हाताने खूण करून इंजिन धिम्यावर आणायला लावलं. मग वाकला आणि पाण्याच्या पाइपवर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"अस्सी, बयासी," तो म्हणाला. "एकदम फस क्लास."

मी मीटर बघितला. ब्याऐंशी.

"मीटर न बघता कसं कळलं?" मी विचारलं.

"मीटर किसको चाहिए, भाभी? अस्सी पे हाथ टिकता है. सौ पे टिकेगा क्या? चमड़ी उतर जाएगी." मग हसून म्हणाला, "आपके साब का हाथ तो मेरे से भी पक्का था. दुकान पे पाइप पकड़ के बोलते थे, और मीटर लगाओ तो वही निकलता था."

मी तिथेच एका डब्यावर बसले.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. पहिल्या दहा बोटांपासून. हात टेकवला की कळत होतं की बायको खोटं बोलते. आणि तरी दर वेळी "चल, चहा दे." मीटरची नळी लांब करून तो पुढे लावणं म्हणजे फिटर माणसाला अर्ध्या तासाचं काम, तेही पाच वर्षांत केलं नाही. सीटवर बसून हे माझ्या बोटांकडे बघत होते ते आकड्यासाठी नाही. अहो, मग एकदा बोलायचं तरी! एकदा ओरडायचं! मी काय केलं असतं, रडले असते, पण मग उडा म्हटलं असतं. कदाचित म्हटलं असतं. आम्ही दोघं एकमेकांपासून दहा फुटांवर होतो आणि दोघंही एकेकटे.

मिस्त्री इंजिन बंद करायला गेला.

"बंद नका करू," मी म्हटलं. "पुन्हा फुल करा. दोर तपासलाय ना? मग तुम्ही सीटवरून उतरा आणि बाजूला व्हा."

शेठ माझ्याकडे बघायला लागला. "कितना टाइम, भाभी?"

"एक तास."

त्याने मिस्त्रीला मानेने खूण केली. मिस्त्रीने वेगाची दांडी पुढे ढकलून तारेने बांधली आणि उतरला. मी माझ्या जागेवर गेले, घड्याळ बघितलं, आणि रिकाम्या सीटकडे तोंड करून दर पाच मिनिटांनी आठ बोटं दाखवत राहिले. पन्नास मिनिटं झाली तेव्हाही आठच.