मासोळीचं रगत

"ढिवरीन आली रे! लुगडं कुठं आहे वो तुयं?"

तलावाच्या पाळीवर, बांधावर, पाटील उभा होता. मी पंधरा-सोळा वर्षांचा. आंधळगावजवळच्या तलावात बापासोबत जाळं टाकायला सदरा काढून उतरत होतो. माझी छाती पोरींसारखी वाढलेली. पाटील हसला, म्हणून सगळे हसले. आम्ही ढिवर. तलाव नावाला सरकारचा, हुकूम पाटलाचा. बाप मान खाली घालून म्हणाला, "सदरा घाल."

घातला. तो पुढे तीस वर्षं निघाला नाही. पाण्यात ओली बनियान अंगाला चिकटायची, आत जीव गुदमरायचा. लग्न झालं, मूल झालं नाही. गावाच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. बायकोसमोरही मी अंधारातच कपडे बदलायचो.

मग डाव्या छातीत, बोंडाच्या मागे गाठ आली. खड्यासारखी टणक. सांगणार कोणाला? छाती दाखवायची म्हणजे तो शब्द पुन्हा ऐकायचा. बनियानवर रक्ताचे डाग पडू लागले. बायकोने विचारलं की म्हणायचो, "मासोळीचं रगत होय." ढिवराच्या घरात एवढं पुरतं.

एकदा तापाने मी घरीच पडून होतो. संध्याकाळी तिने बनियान माझ्यापुढे धरली. "आज तं तुमी पान्यात गेलेच नाही. मंग हे रगत कोनाचं?"

मी ढसाढसा रडलो.

भंडाऱ्याला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ कॅन्सरची आहे. पुरुषाच्या शरीरातही बाईचं हार्मोन असतं, थोडं. तुमच्यात जन्मापासून पुरुषाचं कमी पडलं, बाईचं वरचढ झालं. म्हणून छाती वाढली, मूल झालं नाही, आणि या कॅन्सरचा धोकाही वाढला. लाजेपायी उशीर केलात."

लाज माझी नव्हतीच. ती पाळीवरून माझ्या अंगावर फेकली होती.

ऑपरेशन करून छातीची डावी बाजू काढली. बरा होऊन तलावावर गेलो, तर म्हातारा पाटील तिथेच. "काहून वो ढिवरीन, एक कापून आली का?"

मी सदरा काढला. बनियान काढली. "पाह्य. तुया त्या एका शब्दापायी मी गाठ लपवली. आता पाह्य."

जन्मात पहिल्यांदा मी पाटलाला 'तू' म्हणालो. या वेळी कोणी हसलं नाही.

उजवी बाजू अजून आहे. धोका टळलेला नाही, त्या हार्मोनला अडवणारी गोळी रोज चालू आहे. दर महिन्याला ती बाजू मी चाचपून बघतो. तलावाच्या पाळीवर, उन्हात, उघड्या अंगाने. पाटलाला बघवत नसेल तर त्याने मान खाली घालावी. माझ्या बापाने घातली होती तशी.