ठकूबाईंचे श्वास

मी एमबीबीएस, वय एकावन्न. घोटावड्यात वीस वर्षं दवाखाना आहे आणि दारावर लिंबू-मिरची कधी टांगू दिलेली नाही. अंगात आलेल्या बाईची मी आधी शुगर तपासतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहितो.

गेल्या वर्षी डॉ. मृण्मयी माझ्याकडे नोकरीला लागली. नुकतीच पास झालेली. पेशंटच्या पोटाच्या हालचालीकडे बघत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायची. खरं सांगतो — गर्दीच्या ओपीडीत श्वास सहसा कोणी मोजत नाही. केसपेपरवर नॉर्मलचा आकडा, '१८', लिहून मोकळे होतात. मीही तेच करायचो. एकदा रांग वाढली तसा मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "मॅडम, मुहूर्त बघताय का लग्नाचा? अठरा लिहा आणि पुढचा घ्या!" रांग हसली. तिने मोजणं बंद केलं... असं मला वाटलं.

थंडीतल्या एका सकाळी ठकूबाई आल्या. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, साठीच्या, अंगाभोवती घोंगडी. ताप, खोकला. "डाक्टर, सुई टोचा, मंजी मी मोकळी." मृण्मयी शेजारीच उभी होती. मी श्वास '१८' लिहिले, इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. घोंगडी बाजूला करायलासुद्धा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मुलगा आला.

"आई गेली सायेब, पहाटं. पुन्याला नेली व्हती. तितले डाक्टर कालचा कागद मागत्यात."

त्याला बाहेर बसवलं. केसपेपरचं कपाट रोज मीच बंद करतो, किल्ली माझ्याच खिशात असते. कागद काढला. श्वास — '३४'.

अक्षर माझं. माझा इंग्रजी 4 वरून उघडा असतो, तसाच. खाडाखोड नाही. चौतीस म्हणजे तातडीने मोठ्या दवाखान्यात पाठवायचा पेशंट.

"सर, तुम्ही बदललंत?" मृण्मयीने विचारलं.

"वेडी आहेस का? मी स्वतःलाच अडकवीन?"

तिने कागद जवळ ओढून वाचला. मग म्हणाली, "चौतीसच होते. बाहेर बाकावर मी मोजले होते. आजी हसल्या — काय टकामका बघतीस गं, लुगडं आवडलं व्हय?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"परत सगळ्यांसमोर हसं करून घ्यायचं नव्हतं, सर."

तिने मोजलेला आकडा मला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तरी तो माझ्या अक्षरात होता.

आणि मी काय केलं? कोरा केसपेपर तिच्यापुढे सरकवला. "तू लिही. अठरा."

तिने लिहिलं. खाली सहीही केली. मुलाने कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझ्या पाया पडला. "तुमी लई केलंत सायेब आमच्यासाटी."

मृण्मयी अजून माझ्याकडेच आहे. आता भराभर पेशंट तपासते, रांग कधी लांबत नाही. मला तिला काही विचारवत नाही.

चौतीस कोणी लिहिलं, मला आजही सांगता येत नाही. तो कागद मी फाडला नाही. त्यावर मुलाचा फोन नंबर आहे. हे सगळं खरं तर आधी त्याला सांगायला हवं होतं... तुम्हाला नाही.